रस्त्याचा पैसा

दर महिन्याच्या चौदा तारखेला, रात्री बाराला
मी फलकाखाली स्टूल ओढते
आणि आकडे बदलते.

आकडे पत्र्याचे. बिस्किटांच्या डब्यात राहतात.
नऊ एकच होता, तो वादळात सरोवराकडे उडाला,
तेव्हापासून मी सहा उलटा टांगते.
वाऱ्याने खिळा सैल झाला की तो गर्रकन फिरतो
आणि पेट्रोल एका रात्रीत तीस शिलिंग उतरतं.
सकाळचा पहिला बोडावाला लांबूनच ओरडतो,
'अपोंडी, पावलं गं सरकार!'
मी स्टूल आणते. तो शिव्या देतो.
मला नाही, आकड्याला.
पण आकड्याला कान नाहीत, मला दोन आहेत.

लोक मला असं बघतात
जसं मीच रात्री पाइपाला तोंड लावून
म्बिटाचं सगळं तेल पिऊन टाकते.
मी घरी चालत जाते. पाऊण तास.
हे कुणाला सांगायचं?

त्या मंगळवारी ओग्वेनो आला,
'एरोकामानो' नावाच्या होडीचा मालक
(आमच्या भाषेत त्याचा अर्थ, आभारी आहे).
कॅन वीस लिटरचा, भरून घेतलं नऊ.
पावती माझ्यापुढे धरली. वाच, म्हणाला.
मी वाचलं. मूळ किंमत, वाहतूक, अबकारी,
मूल्यवर्धित कर, मग बारीक अक्षरात
रस्ते देखभाल निधी.

'रस्ते?'
'रस्ते.'
त्याने मागे वळून पाण्याकडे पाहिलं.
'एकोणतीस वर्षं मी हे तिथे जाळतोय.
खड्डा बुजवायला कुणी आलेलं
मला तरी दिसलं नाही बाई.'

रांग हसली.
पाण्यावर डिझेलचा थेंब पसरावा
तसं ते हसू पसरत गेलं, रंगीत आणि पातळ,
किनाऱ्यावरच्या ओमेना वाळवणाऱ्या बायकांपर्यंत.
हसूच ते. मी विसरूनही गेले.

शुक्रवारी उजाडता उजाडता होड्या वर आल्या.
ओंडक्यांवरून, हातगाड्यांवरून, खांद्यांवरून,
अकरा होड्या, मोठ्या चौकात, डांबरावर.
आत माणसं बसलेली, वल्ही रस्त्याला टेकवून,
कुणी उगाच एक हात मारून बघतोय.
बायकांनी जाळी अंथरली, दुभाजकाला लागून
चांदीसारखी मासळी पसरली.
मटाटू अडल्या. हॉर्न वाजले, मग थांबले,
कारण ड्रायव्हरही शेवटी माझेच गिऱ्हाईक.

इन्स्पेक्टर आला. होडी रस्त्यावर आणल्याचं
कलम त्याच्या वहीत नव्हतं.
'परवाना?' त्याने विचारलं. काहीतरी विचारायला हवं म्हणून.
ओग्वेनोने साखरेच्या पिशवीतून पावत्या काढल्या,
पुष्कळ, माशांचा वास लागलेल्या.
'हा घ्या रस्ता. सुटा सुटा विकत घेतलाय,
नऊ-नऊ लिटरांनी. आज वापरायला आलोय.'

रेडिओवर मंत्री म्हणाले, जागतिक बाजार.
आमच्या बाजारात टोमॅटोवाली म्हणाली,
जग माझ्याकडून तर काही घेत नाही.

संध्याकाळी होड्या परत गेल्या.
ओमेना कुणाच्या आंदोलनासाठी थांबत नाही,
आणि चंद्र नसलेली रात्र वाया घालवणं परवडत नाही.
उतरताना 'एरोकामानो'ची तळाची फळी फाटली.
दुसऱ्या दिवशी ओग्वेनो
रस्त्याच्या कडेचं उन्हाने मऊ झालेलं डांबर
खुरप्याने खरवडत होता.
वितळवलं, भेगेत भरलं, अंगठ्याने दाबलं.
'अखेर पोहोचला,' मला म्हणाला,
'निधी.'

दर उतरले नाहीत.
चौदा तारखेला मी स्टूल ओढला, डबा उघडला,
बोटांनी चाचपून सहा काढला, उलटा धरला.
सरोवरावर दिवे मोजले, नेहमीपेक्षा कमी.
वारा सुटला होता.
खिळा मी टांगला,
ठोकला नाही.